तळ्याच्या काठावर रंगीत पाणलावा कसा शोधावा

रंगीत पाणलावा मुंबईच्या आसपास बारा महिने असतो. पक्षीनिरीक्षक बोलताना त्याला पेंटेड स्नाईप म्हणतात. पाणी जिथे उथळ होईल तिथे तो जागा बदलत राहतो, पण थंडीत येऊन उन्हाळ्यात निघून जाणारा हा पाहुणा नव्हे. तरीही वर्षानुवर्षं रोज सकाळी तळ्याला फेरी मारणाऱ्या बहुतेकांनी तो कधीच पाहिलेला नसतो. कारण साधं आहे: तो राहतो काठालगतच्या जेमतेम मीटरभर रुंद चिखलाच्या पट्ट्यात, हिंडतो पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि कुणाची चाहूल लागली की जागच्या जागी थिजून बसतो. चालत राहणाऱ्या माणसाला तो दिसणं जवळजवळ अशक्य आहे. एका जागी अर्धा-पाऊण तास गप्प बसणाऱ्याला मात्र तो दिसतो, आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

पुढची सगळी माहिती या एका पक्ष्याभोवती रचली आहे. पण त्याच पट्ट्यात, त्याच वेळी फटाकडी आणि बिटर्नसारखे लपून राहणारे इतर पक्षीही हिंडतात, त्यामुळे ही सवय लागली की तेही हळूहळू दिसू लागतात.

आधी पक्षी डोक्यात पक्का बसवा

आकार साधारण कबुतरापेक्षा लहान, लांबी पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, अंग गुबगुबीत, पाय लांबट. चोच लांब असते आणि टोकाशी किंचित खाली वाकलेली. डोळे मोठे आणि बाजूला. पण लांबून ओळखायच्या खुणा दोनच, त्या पाठ करा.

पहिली खूण डोळ्याची. डोळ्याभोवती फिकट रंगाचं कडं असतं आणि ते डोळ्यामागे लांब ओढलेलं असतं, चष्म्याच्या काडीसारखं. दुसरी खूण खांद्याची. छातीच्या पांढऱ्या रंगाचा एक पट्टा गळ्याखालून निघून खांद्यावरून वळसा घेत पाठीकडे जातो, जणू पाठीवर अडकवलेल्या पिशवीचा बंद. बाकी अंग चिखलात मिसळून गेलं तरी हा पांढरा बंद दुर्बिणीत चमकतो. नवख्यांनी अख्खा पक्षी शोधत बसू नये, हा बंद शोधावा.

आता या पक्ष्यातली उलटापालट. मादी देखणी आणि थोराड असते: मान आणि गळा गडद तांबूस-तपकिरी, डोळ्याभोवतीचं कडं शुभ्र, पाठीवर हिरवट झाक. नर फिका आणि लहान असतो: अंग करडं-तपकिरी, पंखांवर सोनेरी-पिवळसर ठिपके, डोळ्याचं कडं पांढऱ्याऐवजी पिवळसर. मोरापासून कोंबड्यापर्यंत सगळीकडे नर भडक बघायची आपल्याला सवय, त्यामुळे पहिल्या नोंदीत हमखास नर-मादी उलटे लिहिले जातात. अशी चूक झालेल्या नोंदी पुढे कुणी तपासत नाही, म्हणून सुरुवातीलाच सावध राहा. अजून पूर्ण न वाढलेली पिल्लं नरासारखीच दिसतात. त्यामुळे फिका पक्षी दिसला आणि खात्री नसेल तर ‘नर किंवा अल्पवयीन’ असं लिहावं.

मादीच घुमते. विणीच्या काळात संध्याकाळी आणि रात्री ती ‘ऊक्… ऊक्… ऊक्’ असा खोल, मऊ आवाज काढत राहते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा घुमारा येतो, अगदी तसा. मुंबईत याची गल्लत होते ती भारद्वाजाशी. भारद्वाजाचा ‘कूप कूप कूप’ जास्त दणकट असतो, झाडाझुडपातून येतो आणि भर दिवसाही ऐकू येतो. पाणलाव्याचा आवाज जमिनीलगतून, पाण्याच्या बाजूने येतो आणि बहुधा अंधार पडता पडता सुरू होतो.

कोणतं तळं निवडावं

मोठं, प्रसिद्ध तळं निवडायची गरज नाही. बघायचा तो काठ. चारही बाजूंनी काँक्रीटची भिंत किंवा दगडी पिचिंग असलेल्या तळ्यावर हा पक्षी मिळणार नाही, कारण तिथे पाणी एकदम खोल सुरू होतं. त्याला लागतो मऊ गाळ, त्यावर दोन ते पाच सेंटिमीटर पाणी, आणि दोन उड्यांत पोचता येईल एवढ्या जवळ लपायला आडोसा. लव्हाळा, पाणकणीस, रानअळू, जलपर्णीची सुकलेली कड, यातलं काहीही चालतं. चिखलातून तो किडे, अळ्या, गांडुळं, शिंपल्या-गोगलगायी वेचतो, शिवाय गवताचं आणि भाताचं बीही खातो.

मुंबईच्या पूर्वेला भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरातल्या पाणथळ जागा, खाडीपलीकडे उरणची पाणथळं, आणि पनवेल, कल्याण, बदलापूर, वसई या पट्ट्यातली भाताची खाचरं आणि त्यांना लागून असलेली तळी या पक्ष्यासाठी योग्य आहेत. पण आम्ही सुचवू ते घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असं एखादं साधं तळं. लांबच्या प्रसिद्ध जागी वर्षातून दोनदा जाण्यापेक्षा जवळच्या तळ्यावर वीस वेळा गेलेलं बरं. काठ कुठे मऊ आहे, पाणी कुठे आधी आटतं, कुत्री कुठून येतात, हे वीस फेऱ्यांनीच कळतं.

पवई तलावावर जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: तिथे मगरी आहेत. झाडोऱ्याच्या कडेला, पाण्यालगत बसू नका. उंचावरच्या रस्त्यावरून किंवा बांधावरून बघा. विहार आणि तुळशी हे पाणीपुरवठ्याचे तलाव, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. खाडीकाठच्या जागांवरही प्रवेशाचे नियम वेगवेगळे असतात, आधी चौकशी करा.

पहिल्या दिवशी तळ्यावर गेलात की दुर्बीण पिशवीतच ठेवा आणि तिथे रोज असणाऱ्या माणसांशी बोला. गळ टाकून बसलेले काका, जाळं धुणारे दादा, वॉचमन, कपडे धुवायला येणाऱ्या मावशी. ‘इथं पेंटेड स्नाईप दिसतो का’ असं विचारू नका. ‘काका, संध्याकाळी चिखलात लांब चोचीचा, अगदी जवळ गेल्यावर भुर्रकन उडणारा पक्षी दिसतो का?’ असं विचारा. पाय कुठे रुततो आणि पाणी कुठे घोट्याएवढं आहे हे त्यांना अचूक माहीत असतं, आणि तीच आपली जागा. शिवाय ओळख झाली की पुढच्या वेळी झुडपात दबा धरून बसलेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही.

कोणत्या दिवसांत, किती वाजता

जून-जुलैत तळी तुडुंब भरली की चिखलाचा पट्टा पाण्याखाली जातो आणि पक्षी पाणी साचलेल्या गवतात, खाचरांत पांगतात. विणीचा मुख्य काळ पावसाळाच, पण तेव्हा शोधणं अवघड आणि त्रास द्यायची भीतीही जास्त. नवख्यांसाठी उत्तम काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा. पाणी दर आठवड्याला थोडं मागे सरकतं, ताजा गाळ उघडा पडतो, गवत अजून उभं असतं. दुसरा चांगला काळ एप्रिल-मे. तळं आटून मधे डबकं उरतं आणि आजूबाजूचे सगळे पक्षी त्याच डबक्याभोवती गोळा होतात. ऊन मात्र भयंकर असतं, आणि पक्षी सकाळी लवकर आडोशाला जातात.

गणपती विसर्जनाच्या तळ्यांवर ते दिवस आणि त्यानंतरचा आठवडा सोडून द्या. दिवे, गर्दी, तुडवलेला काठ, यातून पक्षी परत यायला वेळ लागतो.

वेळ: सूर्योदयाच्या आधी वीस मिनिटं जागेवर बसलेलं असावं. मुंबईत ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास, जूनच्या सुरुवातीला सहाला. उजाडल्यावर पहिला तास मोलाचा. संध्याकाळी मावळतीच्या आधी पाऊण तास येऊन बसा; नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वापाचला पोचायला हवं. कामाच्या दिवशी ते जमत नाही, म्हणून शनिवार-रविवारची सकाळ बहुतेकांच्या वाट्याला येते. पण त्याच सकाळी तळ्यावर गर्दीही सर्वात जास्त असते. शक्य असेल तर आठवड्यातली एखादी मधली सकाळ काढा.

खाडीलगतच्या तळ्यांना आणखी एक गणित लागू होतं, ते भरतीचं. रंगीत पाणलावा गोड्या पाण्याचा, त्याला भरतीशी थेट देणंघेणं नाही. पण खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की शेकाटे, तुताऱ्या आणि बाकीचे चिखलपक्षी शेजारच्या तळ्यांवर येऊन बसतात, त्यामुळे भरतीच्या वेळी तिथला काठ अनोळखी पक्ष्यांनी गजबजतो आणि नवखा गोंधळतो. शाळेत शिकलेला हिशेब इथे कामी येतो: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती. हा अंदाज झाला. नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पहिल्या काही फेऱ्यांसाठी पहाटे ओहोटी असलेला दिवस निवडा, काठावर फक्त तळ्याचेच पक्षी असतील.

दुर्बीण आणि बाकी सामान

८×४२ ची दुर्बीण घ्या. आठ ही मोठेपणाची पट, बेचाळीस हा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात पोचतो. ८×२५ च्या खिशातल्या दुर्बिणीत हाच आकडा तीनच्या आसपास येतो, आणि झुंजुमुंजूच्या वेळी चित्र काळपट दिसतं. हा पक्षी बघायची वेळच मुळी तीच, म्हणून लहान काचेचा मोह टाळा. दहापट किंवा जास्त मोठेपणाच्या दुर्बिणीत हात हलला की चित्र थरथरतं, आणि एका नजरेत काठाचा कमी भाग मावतो.

दुर्बीण डोळ्याला बसवून घेतल्याशिवाय निघू नका. उजवी काच हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी दूरची पाटी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा. मग डावी झाका, आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. कडीचा आकडा लक्षात ठेवा. चष्मा असेल तर डोळ्यापाशी येणारे रबरी कप आत दाबा. दुर्बीण धूसर आहे अशी तक्रार बऱ्याचदा ही कडी न लावल्यामुळे असते.

मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते, आणि एकदा लागली की पूर्णपणे जात नाही. कापडी पिशवीत घालून बंद कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की वाळवा किंवा बदला. काचेवर चिखल उडाला तर आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण झटका, मग कापड. सदऱ्याच्या टोकाने पुसलेल्या काचेवर कायमचे ओरखडे उमटतात.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, बाह्या पूर्ण. डास तिन्हीसांजेला तुटून पडतात. रेनकोट सळसळतो, फडफडणारी छत्री तर पक्ष्यांना लगेच खटकते. पाऊस असेल तर झाडाखाली किंवा टपरीच्या आडोशाला बसता येईल अशी जागा आधी हेरून ठेवा. बसायला प्लास्टिकचं आसन किंवा छोटं स्टूल, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. पेन पावसात फुटतं, पेन्सिल चालते. आणि एक छोटी कात्री: जानेवारीत संक्रांतीनंतर लव्हाळ्यात मांजा अडकलेला असतो आणि त्यात पाय गुंतून पक्षी मरतात. दिसेल तेवढा मांजा कापून पिशवीत भरून न्या.

पावसाळ्यात पायाला किंवा हाताला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. गमबूट घाला. उघड्या जखमेनिशी साचलेल्या पाण्यात पाय गेलाच तर ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. अंधार पडेपर्यंत थांबणार असाल तर एकटे जाऊ नका.

काठावर बसायचं कसं

हा भाग नीट जमला तर बाकी चुका माफ होतात.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेचा काठ बघायचा, संध्याकाळी उलट. उन्हाकडे तोंड करून बसलात तर समोरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती होतो आणि डोळ्याचं कडं, खांद्याचा बंद, दोन्ही खुणा नाहीशा होतात. समोरचा काठ तीस ते चाळीस मीटरवर असावा. त्याहून जवळ गेलात तर पक्षी थिजतो, आणि पन्नासच्या पुढे आठपट दुर्बिणीत खुणा पुसट होतात. तळं मोठं असेल तर समोरच्या काठाऐवजी आपल्याच बाजूचं एखादं आत वळलेलं टोक निवडा.

बसताना झाडाचं खोड, भिंत, बंद हातगाडी, काहीतरी पाठीमागे असू द्या. उभ्या माणसाची आभाळावर उमटणारी आकृती पक्ष्यांना सगळ्यात जास्त घाबरवते. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं दुर्बीण उचलायचीच नाही. तुमच्या येण्याने काठ दचकलेला असतो. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल तर समजा की आसपासचा प्रत्येक पक्षी सावध आहे, किंवा जवळ तिचं घरटं आहे. अशा वेळी तीस पावलं मागे या. टिटवी गप्प झाली, वंचक (काठावर उभा राहणारा छोटा बगळा) पुन्हा मान ताणून मासे बघू लागला, टिबुकली मधे येऊन डुबक्या मारू लागली, की काठ स्थिरावला. आता काम सुरू.

काठाचे तुकडे पाडा. आठपटीच्या दुर्बिणीत चाळीस मीटरवर साधारण पाच मीटर रुंदीचा काठ एका वेळी मावतो. समोर साठ मीटर मऊ काठ असेल तर बारा चौकटी झाल्या. डावीकडून सुरुवात करून प्रत्येक चौकटीवर मनातल्या मनात दहा अंक मोजा, मगच पुढे सरका. दोन मिनिटांत एक फेरी होते. मग दुर्बीण खाली, दोन मिनिटं नुसत्या डोळ्यांनी सगळा काठ बघा, हालचाल साध्या डोळ्यालाच आधी टिपते. मग उलट्या दिशेने दुसरी फेरी. असं अर्धा तास. एकाच झुडपाकडे टक लावून बसणं आणि दुर्बीण सरसर फिरवणं, या दोन्हीत तो हातचा जातो.

प्रत्येक चौकटीत काय शोधायचं? पाणी आणि गवत जिथे भेटतात ती रेघ. तिच्यावर पांढरा वळलेला पट्टा. सरळ उभ्या पात्यांमध्ये एकच आडवी, किंचित वाकलेली काडी, जी चोच असू शकते. उथळ पाण्यावर उमटणारी बारीक वर्तुळं, जिथे वारा नाही आणि मासा उडालेला नाही. आणि वर-खाली हलणारं शेपटीकडचं अंग. हा पक्षी बिचकला की मागचा भाग हलकेच वर-खाली करत राहतो, पाय मात्र हलवत नाही. चरताना तो चोच चिखलात खुपसतो किंवा उथळ पाण्यात दोन्ही बाजूंना फिरवतो, चार पावलं उघड्यावर येतो, पुन्हा गवतात जातो. एकदा आत गेला म्हणजे गेला असं समजू नका. त्या जागेची खूण धरा, एखादी वाकलेली काडी किंवा प्लास्टिकचा तुकडा, आणि तिथेच नजर ठेवा. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत तो तिथेच, नाहीतर दोन मीटर बाजूला पुन्हा बाहेर येतो. एक दिसला तर दुसरा शोधा, जवळपास जोडीदार असण्याची शक्यता बरीच.

वरून शिक्रा गेला किंवा हिवाळ्यात मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी काठावरून तरंगत गेला, तर पुढची दहा मिनिटं काही हलणार नाही. उठू नका.

मोठी चूक होते ती काहीच न दिसल्यावर. माणूस कंटाळतो आणि ‘जरा काठाकाठाने जाऊन बघू’ म्हणतो. मग अगदी पायाशी येईपर्यंत बसून राहिलेला पक्षी दोन-तीन मीटरवरून उडतो, पाय लोंबते ठेवून, जड उड्डाण करत वीस-तीस मीटरवर गवतात पडतो. बघणाऱ्याला दिसते पाठ, तीही सेकंदभर. पक्ष्याची चरायची वेळ गेली, आणि हातात खात्रीलायक नोंद नाही. गवतात शिरून पक्षी उठवणं हा शोधण्याचा मार्ग म्हणून आम्हाला मान्य नाही, आणि नवख्यांनी ती सवय सुरुवातीपासूनच लावून घेऊ नये.

फसवणारे चौघे

वंचक सगळ्यात आधी फसवतो. विणीबाहेरच्या पोशाखात तो तपकिरी रेघारेघांचा असतो, काठावर पुतळ्यासारखा उभा. पण त्याची चोच सुरीसारखी सरळ आणि जाड, मान लांब, आणि उडाला की पंख पांढरेशुभ्र.

तुतारी शेपटी सतत हलवते आणि तिच्या खांद्यापुढे पांढरी पाचर वर गेलेली दिसते, म्हणून नवखा ‘बंद दिसला’ म्हणून उडी मारतो. पण ती पाचर लहान असते, पाठीपर्यंत पोचत नाही. डोळ्याभोवती कडं नाही, अंग सडपातळ, आणि ती उघड्या दगडांवर, बांधावर निवांत हिंडते.

तिसरा आणि चौथा खरे पाणलावे, साधा पाणलावा आणि पिनटेल स्नाईप. दोघेही हिवाळी पाहुणे, साधारण सप्टेंबर ते एप्रिल. चोच कितीतरी लांब आणि सरळ, डोक्यावर आणि पाठीवर पिवळसर लांब रेघा, खांद्याचा पांढरा बंद नाही. हे उठले की ‘स्काप’ असा घोगरा आवाज करत सुसाट उडतात. साधा पाणलावा तर नागमोडी वळणं घेत. रंगीत पाणलावा सावकाश आणि बहुधा गुपचूप उडतो. साधा आणि पिनटेल यांना एकमेकांपासून वेगळं करायला पंखाच्या मागच्या कडेची पांढरी किनार नीट दिसावी लागते. ती साध्या पाणलाव्यात ठळक असते. दिसली नाही तर नुसतं ‘पाणलावा’ लिहा. ती नोंद कमी दर्जाची नव्हे, उलट प्रामाणिक आहे.

दिसल्यावर

आधी बघा, नंतर फोटो. वहीत लगेच उतरवा: तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, काठाची बाजू, पाण्याची पातळी, पक्षी किती, नर की मादी आणि कोणत्या खुणेवरून, काय करत होता. चित्रकला येत नसली तरी अंड्याच्या आकारावर डोळा, बंद आणि चोच काढून दाखवा. पुस्तक उघडायच्या आधी हे करायचं, कारण पुस्तकातलं चित्र एकदा पाहिलं की आपण प्रत्यक्षात काय पाहिलं ते त्यात मिसळून जातं.

मोबाईलने फोटो घ्यायचा तर दुर्बीण गुडघ्यावर किंवा कठड्यावर टेकवा, मोबाईलची काच दुर्बिणीच्या एका काचेला चिकटवा, पडद्यावर पक्ष्यावर बोट ठेवून फोकस करा आणि फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. नंतर त्यातली स्वच्छ चौकट निवडता येते. डोळ्याचं कडं आणि खांद्याचा बंद एका चौकटीत आले की पुरावा पुरे झाला. त्याहून जवळ जायची गरज नाही. टॉर्च, फ्लॅश वापरू नका.

मोबाईलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. मादीला वाटतं दुसरी मादी हद्दीत आली. ती चरणं सोडून घुमत बसते. शहरातल्या एका लहान तळ्यावर महिन्याभरात वीस जणांनी हे केलं तर तिच्या किती संध्याकाळी वाया जातील, याचा विचार करा.

नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना फक्त हाच पक्षी टाकू नका, त्या तासात दिसलेले सगळे पक्षी आकड्यांसकट टाका. वंचक ७, टिबुकली ४, लाजरी पाणकोंबडी २ असं. त्यातूनच तळं कसं आहे हे पुढच्या माणसाला कळतं. पुढे कधी सुशोभीकरणाच्या नावाखाली मऊ काठ खोदून भिंत बांधायचं ठरलं, तर वॉर्ड ऑफिसात ‘निदान एक बाजू तशीच ठेवा’ असं म्हणायला तारखांसह लिहिलेल्या याच नोंदी उपयोगी पडतात.

घरटं किंवा पिल्लं दिसली तर

या पक्ष्यात अंडी उबवतो नर. मादी काठालगतच्या गवतात जमिनीवर, बहुधा चार अंडी घालते आणि त्यानंतर दुसऱ्या नराकडेही जाऊ शकते. उबवणं आणि पिल्लांना घेऊन फिरणं नराच्या एकट्याच्या अंगावर. म्हणून गवतात एकच फिका पक्षी वारंवार त्याच जागी शिरताना दिसला, किंवा पंख पसरून, शेपटी उघडून फिस्कारला, तर घरटं तिथेच आहे. त्याला उठवलं तर अंड्यांपाशी दुसरं कुणी नसतं, आणि शहरात कावळे बघतच असतात. तुमच्या पायवाटेने भटकी कुत्री तिथवर पोचतात ते वेगळंच. त्याच पावली, त्याच वाटेने मागे फिरा आणि तीन-चार आठवडे त्या बाजूला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे घरटी-अंडी हाताळल्यास कायदेशीर कारवाईही होऊ शकते.

अशा वेळी जागा कुणालाही कळवू नका, व्हॉट्सअ‍ॅप गटात तर मुळीच नाही. ई-बर्डवर ती यादी लोकांपासून लपवता येते, किंवा पिल्लं मोठी होईपर्यंत वहीतच ठेवता येते. पिल्लं अंड्यातून निघाली की लवकरच बापामागे चालू लागतात. पिवळसर अंगावर गडद रेघा असलेलं एकटं पिल्लू दिसलं तर ते हरवलंय असं समजून उचलून घरी आणू नका. नर बहुतेक जवळच थिजून बसलेला असतो आणि तुम्ही दूर गेल्याशिवाय हलत नाही.

खरंच जखमी पक्षी सापडला, मांजात अडकलेला किंवा कुत्र्याने धरलेला, तर सुती कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोकं अंधारात आणि शांत जागी. तोंडात पाणी ओतू नका, खायला घालू नका. पाणी श्वासनळीत जाऊन मरतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पाच फेऱ्या झाल्या, दिसला नाही

हे बहुतेकांचं होतं. आधी वहीतल्या वेळा तपासा. उजाडल्यावर तासाभराने पोचत असाल तर बाकी काही बदलू नका, फक्त लवकर जा. वेळ बरोबर असेल तर काठ तपासा. चिखलात बोट दोन पेरं सहज रुतलं पाहिजे. वर भेगा पडल्या असतील तर पक्षी ओल्या बाजूला सरकले असणार, आणि पाणी गवताच्या मुळांवर चढलं असेल तर अजून पंधरा दिवस थांबायला हवं. जलपर्णीने सगळा काठ झाकला असेल तर चिखल असूनही उघडा नाही. ती काढायचं काम सुरू झालं की त्या आठवड्यात जाऊ नका, त्यानंतरच्या आठवड्यात जरूर जा.

वेळ आणि काठ दोन्ही ठीक असतील तर बसायची जागा बदला, तळं नको. वीस मीटर डावीकडे सरकल्याने एखाद्या लव्हाळ्याच्या झुबक्यामागचा, आतापर्यंत न दिसलेला चिखल समोर येतो. आणि एक संध्याकाळ दुर्बीण न घेता या. मावळतीनंतर अर्धा तास डोळे मिटून नुसतं ऐका. बाटलीतल्या फुंकरीसारखा आवाज आला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे कोणत्या कोपऱ्यासमोर बसायचं ते ठरलं.